शंभर क्षेत्रं

काच रंगायला दहा मिनिटं द्यावी लागतात.
घाई असली तर आठ, पण मग पेशी फिकट उतरतात
आणि फिकट पेशीत माणूस वाट्टेल ते पाहतो.
बावीस वर्षं मी हेच सांगत आलोय, म्बरारात,
टेकडीखालच्या या खोलीत,
जिथे फ्रिज घुरघुरतो तेव्हा कळतं
वीज आली.

नियम एकच.
शंभर क्षेत्रं पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही.
भिंगाखाली तेलाचा थेंब,
काच केसभर सरकवायची,
बघायचं,
पुन्हा केसभर.
एकदा मला अठ्ठ्याण्णवाव्या क्षेत्रात सापडली होती,
अंगठीएवढी गोल, एकुलती एक,
तीन वर्षांच्या पोराच्या रक्तात.
त्याची आई बाहेर बाकावर डोळे मिटून बसली होती.
सत्त्याण्णवावर उठलो असतो तर
मला कधी कळलंही नसतं.

केम्बाबाझी हे काम माझ्याहून बरं करते.
डाव्या मुठीत मोजणीचं यंत्र, टक्, टक्,
डोळा भिंगावरून हलत नाही.
सकाळी काचा, दुपारी पानं.
ओमुबिरिझीची पानं कारुहांगा म्हातारा
बुशेन्यीहून पोत्यात घेऊन येतो, सावलीत सुकवलेली,
आणि पावतीसाठी अडून बसतो.
"आधी माझं नाव लिहा. झाडाचं मागून लिहा."
लिहितो आम्ही.
अर्क निघतो काळपट हिरवा,
परजीवी मारतो, पण थोडे,
आम्ही मनात धरले होते त्याहून बरेच थोडे.
म्हाताऱ्याला हे कुणी सांगायचं
ते अजून ठरत नाही.

संध्याकाळी ती वसतिगृहांतून अर्ज गोळा करते.
पोरांचं मन कसं आहे ते विद्यापीठाला हवंय.
नऊ प्रश्न.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप लागली नाही,
किती दिवस जेवण नकोसं झालं,
असे.
अर्जावर नाव नसतं.
पण बरोबरची खूण करताना शेपटी वर ओढायची सवय
आमच्या नोंदवहीत एकीचीच आहे.
नऊही खुणा 'अजिबात नाही'च्या चौकटीत,
एकाखाली एक, पट्टी लावल्यासारख्या.
मी म्हटलं, चला, एक तरी धडधाकट,
आणि कागद गठ्ठ्यात सारला.

गुरुवारी म्हातारा पोतं उतरवत होता.
तिने वरचं एक पान उचललं, तोंडात टाकलं,
चावलं, गिळलं,
पोत्याचं वजन विचारलं.
तोंड जराही वाकडं झालं नाही.
या पानाने, सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी येतं,
गाईसुद्धा मान फिरवतात.
कारुहांगाने पावतीची घडी खिशात घातली,
बाहेर पडता पडता मला हळूच म्हणाला,
"तुमच्या त्या कागदात कडू लागतं का
असं विचारलंय?"

नव्हतं विचारलं.

रात्री खोलीत दोघंच. बारा काचा उरलेल्या.
मी स्टोव्हवर चहा टाकला, साखर तीन चमचे.
मला चांगलं बोलता येत नाही,
माझी बायको सांगते, मी माणसांनाही
अहवालासारखं वाचतो.
मोठा प्रश्न जिभेवर आला होता, तो ठेवला तसाच.
विचारलं, "दुपारी काय खाल्लंस?"

"मटोके," ती म्हणाली. टक्.
मग यंत्र थांबलं.
"नाही सर. ते काल.
काल की परवा."

फ्रिज बंद पडला. वीज गेली असणार.
अंधारात चहाचे दोन कप, आणि खिडकीबाहेर
कुणाची तरी मोटारसायकल चढ चढत होती.
मी काही बोललो नाही.
स्टूल केसभर पुढे सरकवलं.

हे एक झालं.